तिसऱ्या मजल्यावरचा चौथा नकाशा

आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर, क्लासच्या दारासमोरच्या भिंतीवर एक नकाशा आहे. आग लागली तर कुठून बाहेर पडायचं ते दाखवणारा. त्या भिंतीवरचा हा चौथा. आधीचे तीन मीच लावले आणि मीच उतरवले.

इमारत ठाण्यातली, १९९८ सालची, तळमजला अधिक सहा मजले. खाली चौदा दुकानं, पहिल्यावर कपड्यांची शोरूम, दुसऱ्यावर सीए आणि वकिलांची ऑफिसं, तिसरा मजला पूर्ण बारावीच्या क्लासचा, चौथ्यावर पॅथॉलॉजी लॅब आणि फिजिओथेरपीचं क्लिनिक, वरचे दोन मजले बॅक ऑफिसचे. दुपारी चार वाजता आत चारशेच्या आसपास माणसं असतात. मी इथल्या सोसायटीची मॅनेजर. पाण्याचा टँकर, लिफ्टच्या देखभालीचा करार, गळती, मेंटेनन्सची थकबाकी, यात दिवस जातो. आगीचा विषय माझ्याकडे जुलै आणि जानेवारीत यायचा, बी फॉर्मच्या वेळी, म्हणजे आगीची यंत्रणा चालू असल्याचं सहामाही प्रमाणपत्र द्यायचं असतं तेव्हा. लायसन्स असलेली एजन्सी यायची, फायर एक्स्टिंग्विशरवरची तारीख बदलायची, पंप चालवून बघायची, सही-शिक्का, संपलं.

२४ मे २०१९ ला सुरतमध्ये तक्षशिला आर्केड पेटलं. तीही व्यापारी इमारत आणि वरच्या मजल्यावर क्लास. बावीस जीव गेले, बहुतेक विद्यार्थी. मुलं वरून उड्या टाकतानाचा व्हिडिओ त्या संध्याकाळी प्रत्येकाच्या फोनवर होता. दुसऱ्या दिवशी सकाळी क्लासच्या एका विद्यार्थिनीचे वडील माझ्या ऑफिसात आले. आवाज चढवला नाही, बसलेही नाहीत. म्हणाले, "मॅडम, माझी मुलगी वर बसते. लिफ्टजवळचा जिना धुराने भरला तर ती कुठून खाली येईल?"

मी म्हटलं, मागे दुसरा जिना आहे.

"दाखवता?"

आम्ही वर गेलो. क्लासच्या पॅसेजच्या टोकाला मागच्या जिन्याचं दार आहे. त्याच्या कडीला कुलूप होतं. साधं पितळी कुलूप, आपण सायकलला लावतो तेवढं. त्या गृहस्थांनी ते हातात धरून एकदा हलवलं आणि सोडून दिलं. काही बोलले नाहीत. त्या कुलपाचा दारावर आपटल्याचा आवाज मला अजून ऐकू येतो.

क्लासचे सर वाईट माणूस नाहीत, हे इथेच सांगते. लेक्चर चालू असताना मुलं मागून सटकायची, आणि आदल्या वर्षी दुसऱ्या मजल्यावरून लॅपटॉप चोरीला गेला तो याच जिन्याने. म्हणून कुलूप. किल्ली वॉचमन काकांकडे. काका चहाला गेले की किल्लीही चहाला जायची. त्या दिवशी सरांनी स्वतः कुलूप काढून माझ्या टेबलावर आणून ठेवलं. पुढे महिन्याभरात आम्ही तिथे पॅनिक बार बसवला, म्हणजे आतून आडव्या दांड्यावर हात टेकला की दार उघडतं आणि बाहेरून उघडत नाही. वर एक बझर लावला. कोणी सटकलं तर सरांना आत ऐकू येतं. खर्च अर्धा क्लासने दिला, अर्धा सोसायटीने.

जूनमध्ये अग्निशमन विभागाची नोटीस आली. आमच्यासारख्या क्लास असलेल्या इतरही इमारतींना आल्या होत्या. त्यात एक ओळ होती : प्रत्येक मजल्यावर आपत्कालीन निर्गमन मार्गाचे नकाशे लावावेत. मला ते यादीतलं सगळ्यात सोपं काम वाटलं. सोसायटीच्या कपाटातून मंजूर नकाशाची प्रत काढली, ऑटोकॅडवर काम करणाऱ्या एका मुलाला दिली, त्याने त्यावर हिरवे बाण टाकले. फ्लेक्सवाल्याकडून ए-थ्री आकारात विनाइल छापून सनबोर्डवर चिकटवून घेतलं. एका रविवारी सगळ्या मजल्यांवर डबल टेपने लावून टाकलं. खूप नीटनेटकं दिसत होतं. मी फोटो काढून कमिटीच्या ग्रुपवर टाकले.

पंधरा दिवसांनी अग्निशमन अधिकारी पाहणीला आले. बाकीचं बघून झालं, मग पाचव्या मजल्यावर त्यांनी नकाशासमोर उभं राहून मला जवळ बोलावलं आणि म्हणाले, "चला, यातल्या बाणाने खाली जाऊ." आम्ही निघालो. बाण पॅसेजने सरळ जात होता. आम्ही अठरा पावलं चाललो आणि प्लायवूडच्या पार्टिशनसमोर उभे राहिलो. दोन गाळे एकाच कंपनीने घेतले होते, मधला पॅसेज आत ओढून तिथे सर्व्हर ठेवले होते. मंजूर नकाशात पॅसेज होता. इमारतीत नव्हता. मी त्या मजल्यावर महिन्यातून चार वेळा जाते, ते पार्टिशन दर वेळी बघते. पण नकाशा काढताना मी इमारत बघितलीच नाही, कागद बघितला.

खाली आल्यावर त्यांनी आणखी एक गोष्ट दाखवली. नकाशात 'एकत्र जमण्याचे ठिकाण' म्हणून मी पुढचं पार्किंग दाखवलं होतं. ते म्हणाले, "गेट एकच. बंब इथूनच आत येणार, आणि तुम्ही नेमकी इथेच चारशे माणसं उभी करताय." त्यांनी रागावून सांगितलं असतं तर बरं वाटलं असतं. ते शांतपणे सांगत होते, आणि त्यातला प्रत्येक शब्द खरा होता. २००६ च्या महाराष्ट्राच्या आग प्रतिबंधक कायद्यात ही जबाबदारी इमारतीच्या मालकावर आणि भोगवटादारावर टाकलेली आहे. अग्निशमन दल तपासणी करतं. रोजचा जिना मोकळा ठेवायला ते येणार नाहीत.

पहिले नकाशे त्याच संध्याकाळी उतरवले.

दुसऱ्या खेपेला मी कपाट उघडलं नाही. आमच्याकडे सफाईला येणाऱ्या मावशी आहेत, बारा वर्षं इथे काम करतात. कचरा मागच्या जिन्यानेच उतरवतात, कारण लिफ्टमधून न्यायची परवानगी नाही. मी त्यांना म्हटलं, मावशी, मला तुमच्या वाटेने घेऊन चला. टेप, वही आणि टॉर्च घेऊन सहाव्या मजल्यावरून आम्ही खाली उतरलो. तेवढ्या एका दुपारी मला या इमारतीबद्दल जेवढं कळलं तेवढं आधीच्या सहा वर्षांत कळलं नव्हतं.

पाचव्याच्या लँडिंगवर जुने सीपीयू आणि मोडक्या खुर्च्या. "तात्पुरतं ठेवलंय," असं तिथल्या माणसाने सांगितलं. मावशी हळूच म्हणाल्या, "चार वर्षं झाली ताई, मी रोज त्याला वळसा घालून उतरते." चौथ्यावर पाण्याचे वीस लिटरचे रिकामे जार. तिसऱ्यावर क्लासच्या जुन्या प्रश्नपत्रिकांचे गठ्ठे, दोरीने बांधलेले, छातीएवढे. माणसांची वाट अडवायला आणि आगीला खायला, दोन्हीला पुरतील असे. आणि सगळ्यात खाली मागच्या गल्लीत उघडणारं दार. ते बाहेरच्या बाजूला उघडतं, तसंच असायला हवं. पण बाहेर दाराला खेटून स्कूटी आणि बाइक लावलेल्या. मी ढकललं तर चार बोटं उघडलं. त्या फटीतून गल्लीतला उजेड आत आला आणि समोर एका स्कूटीचा आरसा दिसला. वरून चारशे माणसं या दाराकडे येणार होती.

ते दार मोकळं करायला आम्हाला पाच महिने लागले. आधी पिवळे पट्टे मारले, कोणी मानले नाहीत. मग बोर्ड लावला, त्याच्याखालीच गाड्या लावल्या. शेवटी दारापासून दीड मीटरवर लोखंडी खांब रोवले, माणूस सहज जाईल पण दुचाकी आत शिरणार नाही इतक्या अंतराने. त्यानंतर प्रश्न मिटला.

टेपने मोजलं तेव्हा आणखी एक कळलं. राष्ट्रीय इमारत संहितेप्रमाणे ऑफिसच्या इमारतीत, स्प्रिंकलर (आग लागली की छतातून आपोआप पाणी फवारणारे) नसतील तर, बसल्या जागेपासून जिन्याच्या दारापर्यंतचं चालायचं अंतर ३० मीटरच्या आत हवं. पार्टिशनमुळे पाचव्या मजल्यावरच्या कोपऱ्यातल्या टेबलापासून ते ४१ मीटर झालं होतं. ही ११ मीटरची गोष्ट मी कंपनीच्या अॅडमिनना तोंडी सांगितली तेव्हा त्यांनी मान डोलावली फक्त. मग मी त्यांना त्या टेबलापासून माझ्याबरोबर चालायला लावलं, डोळे मिटून, भिंतीला हात लावून. अर्ध्या वाटेत त्यांनी डोळे उघडले. पार्टिशन दिवाळीच्या सुट्टीत निघालं.

आता प्रत्यक्षातला मार्ग नकाशावर आला. जमण्याची जागा मागच्या गल्लीपलीकडच्या मैदानाच्या फाटकाशी ठरली, बंबाच्या वाटेपासून लांब. नोव्हेंबरात दुसरे नकाशे लागले आणि डिसेंबर २०१९ मध्ये पहिलं मॉक ड्रिल घेतलं. त्या अधिकाऱ्यांनीच सुचवलं होतं की ड्रिलमध्ये पुढचा जिना बंद धरा, नाहीतर सगळे रोजच्याच वाटेने उतरतील आणि तुम्हाला काही कळणार नाही. हा सल्ला सोन्यासारखा होता. माणूस ज्या दाराने आत येतो त्याच दाराकडे बाहेर पडायला धावतो. म्हणून आम्ही पुढच्या जिन्यावर प्रत्येक मजल्याला लाल फडकं घेऊन एक माणूस उभा केला. फडकं म्हणजे धूर.

मी तिसऱ्या मजल्यावर थांबले होते. घंटा झाली, क्लासमधून मुलं बाहेर आली, लाल फडकं बघून थांबली. दोन मुली पुढे झाल्या, नकाशासमोर उभ्या राहिल्या, आणि अगदी शहाण्यासारखं बोट ठेवून वाचू लागल्या. 'आपण येथे आहात.' बाण डावीकडे. त्या डावीकडे वळल्या आणि चालू लागल्या. त्यांच्यामागे तीस-पस्तीस मुलं.

डावीकडे टॉयलेट आहे. पुढे भिंत.

मला क्षणभर कळेना की त्यांनी वाचण्यात काय चूक केली. काहीच केली नव्हती. आमचा नकाशा रिवाजाप्रमाणे उत्तर वर धरून काढलेला होता. मागचा जिना इमारतीच्या पश्चिमेला, म्हणून कागदावर तो डाव्या हाताला. पण क्लाससमोरची ती भिंत दक्षिणेची. तिच्याकडे तोंड करून उभं राहिलं की पश्चिम उजवीकडे येते. कागदावरचं डावं तिथे उभ्या असलेल्या माणसाचं उजवं होतं. मला हे कधी खटकलं नाही, कारण मला जिना कुठे आहे ते माहीतच होतं. ज्याला माहीत नाही त्याच्यासाठीच नकाशा असतो, आणि त्यालाच आम्ही उलट्या बाजूला पाठवत होतो.

त्या रात्री मला झोप लागली नाही. डिसेंबरच होता, मुंबईतल्या कमला मिलच्या आगीला दोन वर्षं होत आली होती. २९ डिसेंबर २०१७ ला तिथे चौदा जणांचा जीव गेला. त्यातले बरेच जण टॉयलेटमध्ये गुदमरून गेले, बाहेरची वाट न सापडल्याने तिथे आसरा घेतलेले. आमच्या ड्रिलमध्ये ती मुलं टॉयलेटच्या दारापर्यंत गेली आणि हसत परत आली. मला हसता आलं नाही.

अशा नकाशांसाठी आयएसओचं एक आंतरराष्ट्रीय मानकच आहे, २३६०१ क्रमांकाचं. त्यात नकाशा बघणाऱ्याच्या तोंडाच्या दिशेने फिरवलेला हवा, असं साफ लिहिलेलं आहे. म्हणजे समोर जे आहे ते कागदावर वर, उजवीकडचं उजवीकडे. एकदा कळलं की ही गोष्ट इतकी उघड वाटते. पण त्याचा अर्थ असा की एकच फाइल सगळीकडे छापून चालत नाही. सहा मजले, प्रत्येकावर तीन जागा, अठरा वेगवेगळे नकाशे. ऑटोकॅडवाल्या मुलाने पहिल्यांदा अख्खं ड्रॉइंगच फिरवलं, तर अक्षरंही आडवी झाली, वाचायला मान वाकडी करावी लागत होती. मग अक्षरं सरळ करत बसलो. प्रत्येकाच्या मागे मी मार्करने जागा लिहिली : 'तिसरा, क्लाससमोर, तोंड दक्षिणेला'. लावताना अदलाबदल झाली तर पुन्हा तेच.

छपाईला टाकायच्या आधी प्रत्येक नकाशाचा साधा झेरॉक्स त्या त्या भिंतीवर सेलोटेपने लावला आणि इमारतीत पहिल्यांदाच आलेल्या माणसाला त्याच्यासमोर उभं केलं. कुरिअरवाला, लॅबमध्ये रक्त द्यायला आलेली बाई, कोणीही. एवढंच विचारायचं : मागचा जिना कुठे, हाताने दाखवा. हात बरोबर बाजूला गेला की नकाशा पास. अठरापैकी चार नापास झाले, त्यातले दोन माझ्या मते अगदी बिनचूक होते. चौथ्या मजल्यावर लोकांचा घोटाळा व्हायचा कारण नकाशात लिफ्ट दाखवलेली नव्हती. माणूस आधी लिफ्ट शोधतो, तिच्यावरून बाकीचं लावतो. लिफ्ट टाकली, तिच्यावर फुली मारली, हात बरोबर जायला लागले.

हे तिसरे नकाशे मार्च २०२० मध्ये लागले आणि आठवड्याभरात लॉकडाऊन लागला. रिकाम्या इमारतीत ते दीड वर्ष तसेच राहिले.

तिसऱ्या नकाशावरून चौथ्या नकाशावर का आलो ते थोडक्यात. २०२१ च्या दिवाळीनंतर सगळं सुरू झाल्यावर संध्याकाळी सात वाजता मेन स्विच पाडून बघितलं. आम्ही मार्गावरच्या पाट्या आणि नकाशे ऑटो ग्लो शीटचे केले होते, अंधारात चमकणाऱ्या. पुढच्या बाजूला सुरेख चमकले. मागच्या जिन्यात मिट्ट काळोख. वीज वाचवायला तिथे आम्ही सेन्सरचे दिवे लावले होते, कोणी फिरकलं तर लागणारे. ग्लो शीटला आधी उजेड प्यावा लागतो, तेव्हा ती तो परत देते. मागच्या जिन्यातल्या पाट्या कायम उपाशी होत्या. तिथले सेन्सर काढले, एक दिवा कायम चालू ठेवला आणि प्रत्येक लँडिंगवर बॅटरीचा इमर्जन्सी लाइट दिला. वीजबिलावरून कमिटीत एकाने कुरकुर केली, चेअरमन साहेबांनी मध्येच थांबवलं.

त्याच वेळी लॅबमधल्या एका टेक्निशियन दादांनी संकोचून सांगितलं की त्यांना लाल आणि हिरवा जवळजवळ सारखाच दिसतो. नकाशात बाहेरची वाट हिरवी, एक्स्टिंग्विशर आणि होज रील, म्हणजे पाण्याच्या नळीचं रीळ, लाल, आणि सगळी चिन्हं चौकोनी. त्यांच्यासाठी तो एक रंगाचा गिचमिड कागद होता. म्हणून आता वाटेचा बाण जाडजूड आहे, लाल चिन्हं लहान आहेत आणि प्रत्येकाखाली मराठीत नाव आहे. आधी सगळं इंग्रजीत होतं. मावशींनी नवा नकाशा वाचला तेव्हा मला म्हणाल्या, "बारा वर्षं ज्या वाटेने कचरा नेते तिचं नाव आज वाचलं."

एक गोष्ट नकाशाने सुटत नाही. फिजिओथेरपीला येणारे काही पेशंट जिना उतरूच शकत नाहीत. आमची इमारत २४ मीटरच्या आत आहे, त्यामुळे रेफ्युज एरिया, म्हणजे आगीच्या वेळी थांबायची राखीव सुरक्षित जागा, नाही. चौथ्या मजल्याच्या मागच्या लँडिंगवर, फायर डोअरच्या आत, एका व्हीलचेअरपुरती जागा आखून ठेवली आहे. उतरणाऱ्यांची वाट न अडवता तेवढीच निघाली. जिन्यावरून माणूस बसवून उतरवायची खुर्ची घेतली, क्लिनिकच्या दोन मदतनिसांना ती चालवायला शिकवली. आणि क्लिनिक रोज सकाळी वॉचमन काकांकडे एक चिठ्ठी देतं : आज व्हीलचेअरचे किती, किती ते किती वाजता. बंब आला तर काका पहिली ती चिठ्ठी पुढे करतील. पेशंट तीन असले आणि जागा एकच, तर काय, हा प्रश्न मी गेल्या दोन सभांमध्ये मांडला आहे. अजून उत्तर नाही. मी मांडत राहणार आहे.

गेल्या जानेवारीच्या ड्रिलमध्ये इमारत आठ मिनिटांत रिकामी झाली. पहिल्या वेळी एकोणीस लागली होती. आता बी फॉर्मची एजन्सी येते त्याच आठवड्यात मी अठराही नकाशे घेऊन त्यांच्या बाणांनी चालते, मागच्या गल्लीतल्या दारापर्यंत. मावशी बरोबर असतात.

परवा पाचव्या मजल्यावरचे नवे भाडेकरू स्वतःच ऑफिसात आले. त्यांना कॉन्फरन्स रूमसाठी एक भिंत घालायची आहे. सुतार बोलावण्याआधी ड्रॉइंग घेऊन आले आणि माझ्या टेबलावर पसरून म्हणाले, "मॅडम, आधी तुमचा बाण कुठून जातो ते सांगा." आम्ही टेप घेऊन वर गेलो. भिंत साठ सेंटिमीटर मागे घ्यावी लागेल. पाचव्या मजल्याचे तीनही नकाशे सोमवारी उतरवायचे आहेत.